बाण कोणी मारला?

दलित साहित्याच्या समीक्षेने ज्या शब्दाला सर्वांत जास्त राबवून घेतले, तो शब्द 'वेदना'. वेदना, विद्रोह, नकार ही त्रयी आपण परिसंवादांतून, प्रबंधांतून आणि बी.ए.च्या नोट्समधून इतकी घोटली आहे की विद्यार्थी ती पाढ्यासारखी म्हणतो. मीही ती तीस वर्षे शिकवली. उत्तरपत्रिकेत 'वेदना' हा शब्द दिसला की अर्धा गुण देऊन पुढे जाण्याची माझ्या हाताला सवय लागली होती. आता तोच शब्द माझ्या वाट्याला वेगळ्या रीतीने आला आहे, आणि तो पुन्हा तपासून पाहणे मला भाग आहे. स्वतःच्या दुखण्याचे रडगाणे गाण्यासाठी मी या पानांची जागा अडवत नाही. प्रश्न समीक्षेचाच आहे. पण तो माझ्या अंगातून आला आहे, म्हणून अंगापासूनच सुरुवात करतो.

२०१६ च्या पावसाळ्यात माझा डावा खांदा दुखू लागला. दोन-तीन महिन्यांत ते दुखणे पाठीत आणि मग दोन्ही हातांत उतरले. एक्स-रे झाला, एमआरआय झाला, रक्ताच्या तपासण्या झाल्या. प्रत्येक कागदावर एकच शेरा होता, नॉर्मल. एका डॉक्टरांनी फाईल मिटता मिटता विचारले, "घरी काही टेन्शन?" मला त्यांचा राग आला नाही. उत्तर त्यांच्याजवळ नव्हते, तसे माझ्याजवळही नव्हते. राग आला तो पुढे, आपल्याच माणसांचा. आणि त्याहून अधिक माझा स्वतःचा.

कारण मी हे दुखणे मित्रांना सांगायला गेलो. चाळीस-चाळीस वर्षांचे मित्र, एका ताटात जेवलेले. त्यांनी मला सहानुभूती दिली, पण सहानुभूतीच्या आधी प्रत्येकाने एक कारण दिले. एक म्हणाला, जन्मभर गिळलेला अपमान शरीरात साठतो, तो आता बोलतो आहे. दुसऱ्याच्या मते संस्थाचालकांनी नोकरीत जो छळ केला त्याचे हे व्याज. गावी गेलो तर चुलती म्हणाली, "कुणीतरी केलंय बाबा तुला." मग तिनेच एका पायाळू माणसाला बोलावून माझ्या पाठीत लाथ घालायला लावली. उसण असती तर त्या लाथेने गेलीही असती. आणि तिसरा मित्र म्हणाला, "अरे, नामांतरातली काठी असंल ती. तवा लागलेलं म्हातारपणी बाहेर निघतं."

मी नामांतराच्या सत्याग्रहात होतो, मला अटकही झाली होती, हे खरे आहे. पण पोलिसाची काठी माझ्या अंगाला कधीच लागली नाही. मित्राला मी ते तेव्हाच सांगायला हवे होते. सांगितले नाही. पुढे १४ जानेवारी २०१८ ला नामविस्तार दिनाच्या एका कार्यक्रमात माझी ओळख करून देण्यात आली, ती बाबासाहेबांच्या नावासाठी खाल्लेल्या काठीचे दुखणे आजही अंगावर वागवणारा कार्यकर्ता अशी. टाळ्या झाल्या. मी उभा राहिलो, शाल घेतली आणि बसलो. ज्या लढ्यात १९७८ साली पोचिराम कांबळे मारले गेले, त्या लढ्यातली काठी मी उसनी घेतली. त्या रात्री दुखणे नेहमीइतकेच होते. पण चार वाजेपर्यंत डोळा लागला नाही तो दुखण्याने नव्हे.

मी असे का वागलो, याचा शोध घेताना मला आपली समीक्षा आठवली. मी लबाड आहे असे म्हणून विषय संपवता आला असता. पण मला त्या कारणाची गरज होती, आणि ती गरज मला मी शिकवलेल्या विषयानेच लावली होती. आपण वेदना मान्य करतो ती तिच्यामागे कोणी तरी उभा असेल तर. गावकामगार, सावकार, पाटील, शाळेतला मास्तर, व्यवस्था. मारणारा हात दाखवता आला की वेदना साहित्यात येते. तिला विद्रोह जोडता येतो. हात दाखवता आला नाही की ती 'व्यक्तिगत' ठरते, आणि 'व्यक्तिगत' हा शब्द आपल्याकडे समीक्षेपेक्षा शिवी म्हणूनच अधिक वापरला गेला आहे.

हे असे का झाले, तेही नीट समजून घेतले पाहिजे, नाहीतर मी कृतघ्न ठरेन. हजारो वर्षे आपल्या दुःखाला एकच कारण सांगितले गेले, पूर्वजन्मीचे पाप. धर्मशास्त्राने कोणत्या पापाला कोणता रोग, याच्या याद्याच करून ठेवल्या. फुल्यांनी आणि बाबासाहेबांनी ते कारण मोडून दुःखाचे मूळ समाजरचनेत दाखवले. पूर्वकर्माचा हा सिद्धान्त बुद्धाचा नव्हेच, असे बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये निक्षून मांडले. बाण कोणी मारला, हा प्रश्न विचारायला आपण शिकलो म्हणूनच माणसात आलो. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहिले, तेव्हा आनंदाच्या कसोटीवर हे साहित्य मोजता येणार नाही, असे ठणकावण्याचे बळ त्याच शिकवणीतून आले होते. त्या कमाईतला एक पैसाही मला परत करायचा नाही.

पण तो प्रश्न विचारण्याची सवय इतकी पक्की झाली, की उत्तर नसले तर आपण खोटे उत्तर घालतो. माझ्या बाबतीत काठी घातली.

मज्झिम निकायात मालुंक्यपुत्ताची गोष्ट आहे. विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो, बाण मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र, त्याचे नाव काय, गोत्र काय, हे कळल्याखेरीज मी बाण काढू देणार नाही. तो तसाच मरेल, असे तथागत सांगतात. ही गोष्ट मी कितीदा वाचली असेन. पण त्या जखमी माणसाने बाण मारणाऱ्याची जात विचारली होती, हे माझ्या ध्यानात दुखणे लागल्यावर आले. आमचा दावा असा, की आम्हाला जात विचारावीच लागते, कारण बाण अजून सुटत आहेत. दावा खरा आहे. मात्र ज्याच्या अंगात बाण रुतला आहे आणि मारणारा सापडत नाही, त्याच्याजवळ कोणी बसायचे, याचे उत्तर त्या दाव्यात नाही.

दुसरी एक गोष्ट संयुत्त निकायातली. माणूस भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याचे काय, असे मोलियसीवक नावाचा परिव्राजक विचारतो. तथागत पित्त, कफ, वात, ऋतूतला पालट, शरीराची हेळसांड, अचानक झालेला आघात अशी कारणे मोजून दाखवतात. कर्मही त्या यादीत आहे, पण सर्वांत शेवटी. एकाच कारणावर सारा भार टाकणारे अनुभवाच्या पुढे जाऊन बोलतात, असे ते सुनावतात. पूर्वकर्माच्या जागी 'व्यवस्था' घालून मीही वर्गात अनुभवाच्या पुढे जाऊन बोलत आलो.

आजचे वैद्यकही इथवर सावकाश आले आहे. पेशींना इजा नाही, मज्जातंतूंचा रोग नाही, तरी शरीराची वेदना हाताळणारी यंत्रणाच बदलून गेल्यामुळे माणसाला दुखते, अशा प्रकाराला २०१७ साली 'नोसिप्लास्टिक' असे नाव मिळाले. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ ची आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तेव्हा माणूस दुखते म्हणतो तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा, हेही सोबतच्या टिपेत नोंदवले. मला नाव मिळाले म्हणून दुखणे कमी झाले नाही. एवढेच झाले की 'नॉर्मल' या शेऱ्याने मी खोटा ठरत नाही, हे कळले.

मग मी आपली स्वकथने पुन्हा उघडली. या वेळी मारणारा हात बाजूला ठेवून दुखणारे अंग वाचले.

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. त्याची रचना सर्वांना ठाऊक आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो ती दया पवारांना. दुभंगलेपणाचे तंत्र म्हणून आपण ते शिकवतो. मला या वेळी त्यात एवढेच दिसले की सांगणाऱ्याला ऐकणारा हवा होता, आणि वस्तीत, कचेरीत, चळवळीत तो न सापडल्यामुळे त्याने स्वतःचेच दोन केले. या एकटेपणावर आपल्या समीक्षेने किती लिहिले? फार थोडे. 'बलुतं'मुळे समाजाची बदनामी झाली की नाही, यावर मात्र रकाने भरले.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये पहिलटकरणीचे जे वर्णन आहे, ते वाचताना मला पुस्तक दोनदा खाली ठेवावे लागले. कोवळ्या वयाची पोर, अडलेले बाळंतपण, सुइणीसह बायांनी घातलेले हात, सुजलेले अंग, आणि नंतर पोटात घालायला काही नाही. इथे मारणारा हात कोणता म्हणाल? जाती आहे, दारिद्र्य आहे, अज्ञान आहे. आणि ते हात प्रेमाच्या बायांचेच आहेत. बेबीताई यातले एक कारण निवडत नाहीत. त्या दुखणे आधी सांगतात. स्वतः मात्र हे लेखन त्यांनी वर्षानुवर्षे घरात लपवून ठेवले, आणि नवऱ्याच्या हातचा जो मार सोसला तो पुस्तकात फारसा येऊ दिला नाही. तो पुढे मुलाखतीत सांगितला. समाजाचे दुःख सांगताना स्वतःचे अंग झाकायचे, ही शिस्त त्यांना कोणी लावली? आपणच, वाचकांनी आणि समीक्षकांनी.

ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) डोंगर चढून रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बाया आहेत. डोक्यावर भारा, पायांखाली खडक, आणि वाटभर बोलणे, थट्टा, शिव्या. तिथे कोणी कोणाच्या दुखण्याचे कारण विचारत बसत नाही. भारा उतरवायला मात्र हात लावतात. समीक्षेने या वाटेवरून जरा चालावे, असे मला वाटते.

आणि समीक्षेने त्या बायांची भाषाही ऐकावी. आपण एका 'वेदना' शब्दात सारे कोंबले. माझ्या आईच्या बोलण्यात कळ निघते, ठणका लागतो, चमक भरते, सणक जाते, रग लागते, गळू ठसठसते, टाच भगभगते, हाताला मुंग्या येतात, पोटरीत वांब येतो. डॉक्टरांनी 'कसं दुखतं?' असे विचारले तेव्हा तीस वर्षे वेदना शिकवणारा मी गप्प बसलो होतो. मला 'असह्य' या एका विशेषणापुढे शब्द सुचला नाही.

माझा एक वस्तीतला मित्र आहे. एस.टी.त वाहक होता, आता निवृत्त. त्याची स्वतःची कंबर गेलेली. सभासंमेलनांना तो कधी आला नाही, आणि मीही त्याला कधी बोलावले नव्हते. २०१९ च्या हिवाळ्यात तो एका रविवारी आला आणि विचारले, "आज कुठं दुखतंय गड्या?" का दुखतंय, असे नाही विचारले. मी दाखवले. तो म्हणाला, "काल इथं नव्हतं." तेव्हापासून तो येतो. दवाखान्यात नंबर लावायला त्यालाच सांगतो. हे सांगणेही मला शिकावे लागले. आधी मी मित्रांना म्हणायचो, मला समजून घ्या. त्यावर ते समजावून द्यायचे. याला मी म्हणतो, मंगळवारी अकराला ये, तासभर माझ्याजवळ बस. एकदा त्यानेच सांगून ठेवले, "रात्री दोनला फोन कर, मलाबी कुठं झोप असती?" मी दोनदा केला. आम्ही तिकिटांच्या जुन्या पेटीविषयी बोललो.

विनयपिटकात अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आहे. तो आपल्याच घाणीत पडून आहे, आणि त्याची सेवा कोणी का करीत नाही असे विचारल्यावर तो म्हणतो, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून. तथागत आनंदाला पाणी आणायला लावतात, दोघे मिळून त्याला धुतात, उचलून मंचकावर निजवतात. मग संघाला सांगतात की तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? आमच्या संघटनांनी ही गोष्ट भिंतीवर लावावी अशी आहे. आम्हीही माणूस उपयोगी असेतो त्याला विचारले. आजारी कार्यकर्त्यासाठी निधी गोळा केला, फोटो काढला, आणि पुढच्या बैठकीत त्याच्या जागी दुसऱ्याचे नाव घातले. यात मीही होतो.

खुद्द बाबासाहेबांना १९४८ च्या सुमारास पायांच्या वेदनेने रात्र-रात्र झोप येत नसे. 'द बुद्ध अँड हिज धम्म'ला त्यांनी मार्च १९५६ मध्ये जी प्रस्तावना लिहिली, तीत आपल्या प्रकृतीविषयी लिहिले आणि आपल्याला बरे केल्याबद्दल पत्नीचे व एका डॉक्टरांचे आभार मानले. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना आली नाही. ती का आली नाही, याचा वाद इथे नको. दुसऱ्याच्या हातांमुळे आपण तगलो, हे लिहायला त्यांना कमीपणा वाटला नाही, एवढे मला पुरते. आम्ही मात्र त्यांच्या आजारपणाचा फक्त त्याग केला.

गेल्या नामविस्तार दिनाला मला पुन्हा बोलावले होते. मी उभा राहून सांगितले की २०१८ मध्ये तुम्ही ज्या काठीबद्दल मला शाल दिली, ती काठी मला लागलेली नाही. सभागृहात कुजबुज झाली. एक जुना मित्र उठून बाहेर गेला. मागून कोणी तरी विचारले, "मग कशानं दुखतंय सर?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

कार्यक्रम संपल्यावर एम.ए.ची एक मुलगी पायऱ्यांपाशी थांबली होती. म्हणाली, "सर, माझ्या आईला सहा वर्षं असंच आहे. घरी कुणी खरं मानत नाही. मीबी नव्हते मानत." मी तिला विचारले, आईला कुठे कुठे दुखते. आम्ही पायरीवर बसलो. तिने टाचेपासून सुरुवात केली.