पॉटरला शिक्षा का नाही?

फ्रँक कॅप्रा यांचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा १९४६ सालचा चित्रपट नाताळच्या दिवसांत आजही आवर्जून पाहिला जातो. वारंवार पाहिलेल्या कलाकृतीतील उणिवा तिच्या चाहत्यांनाच अधिक दिसतात. नायक जॉर्ज बेली हातावरचे पर्णचक्र टेबलावर टाकतो, आणि पुढच्याच क्षणी ते पुन्हा त्याच्या हातावर असते! पडद्यावरचे बर्फ म्हणजे भर उन्हाळ्यात फवारलेला फेस. त्यापूर्वी बर्फासाठी रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरीत; त्यांच्या कुरकुरीत संवाद ऐकू येत नसत. असे तपशील गमतीने सांगावेत आणि सोडून द्यावेत.

काही प्रश्न मात्र इतक्या सहजी सुटत नाहीत. जीव द्यायला निघालेल्या जॉर्जला वाचवणारा क्लॅरन्स पूर्वी माणूस होता आणि आता पंख मिळवू पाहणारा देवदूत आहे. आपली धर्मशिकवण सांगते की, माणूस मरणोत्तर देवदूत होत नाही. देवदूत हे स्वतंत्र आत्मिक जीव आहेत. येथे कॅप्रांनी लोककथेची वाट धरली आहे, हे ध्यानात ठेवून चित्रपट पाहिला म्हणजे झाले.

खरा प्रश्न पॉटरचा. बिलीकाकाच्या हातून चुकून आलेले ८००० डॉलर हा धनाढ्य गृहस्थ दडपतो आणि जॉर्जवर तुरुंगात जाण्याची पाळी आणतो. गुन्ह्याला शासन झालेले दिसावे, असाच त्या काळच्या हॉलीवूडच्या नीतिसंहितेचा रोख होता. तरीही पॉटर सुटतो. पैसे कोठे गेले, हे जॉर्जला अखेरपर्यंत कळत नाही. ते केवळ आपल्याला ठाऊक असते.

हा दोष आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. देवदूत चोर पकडून देत नाही, पैसेही आणीत नाही. तो जॉर्जला त्याच्या आयुष्याचे मोल तेवढे दाखवतो. तूट भरून काढतात ते शेजारीपाजारी. पॉटरला बेड्या पडल्या असत्या, तर शेजाऱ्यांच्या दातृत्वापेक्षा सूडाचे समाधानच घेऊन आपण उठलो असतो.

तथापि प्रेक्षकांची तक्रार आम्ही हसण्यावारी नेणार नाही. शेजाऱ्यांच्या औदार्याने जॉर्ज वाचला. चोरी मात्र चोरीच राहिली. दानधर्म हा न्यायाचा पर्याय नव्हे. शेवटच्या गाण्याच्या आनंदातही ही बोच मनात राहते, आणि ती राहावी यातच चित्रपटाचा प्रामाणिकपणा आहे.