हेझलबर्नचे दोन लेखक

स्कॉटलंडांतील कॅम्पबेलटाउन येथील हेझलबर्न ही व्हिस्कीची भट्टी १९२५ सालीं बंद पडली. तिच्याविषयींचीं दोन लिखाणें शेजारीं ठेवून वाचण्यासारखीं आहेत. आल्फ्रेड बार्नार्ड १८८५ सालीं तेथें गेला, तेव्हां त्या एका गांवांत २१ भट्ट्या होत्या. त्याच्या १८८७ च्या ग्रंथांत इमारतींचीं मोजमापें, पात्रांची क्षमता, वार्षिक उत्पादन हें सर्व आहे. भाषा प्रसन्न, परंतु दृष्टि पाहुण्याची. कृति ओझरती येते. मासाताका ताकेत्सुरु हा जपानी तरुण १९२० सालीं त्याच भट्टींत उमेदवारी करूं लागला. त्याचें टिपण रूक्ष आहे. पण जवास मोड आणण्यापासून तांब्याच्या पात्रांतील ऊर्ध्वपातनापर्यंतची क्रिया, आपल्याला ती उद्यां करावयाची आहे अशा काळजीनें त्यांत उतरली आहे. त्याच शिदोरीवर त्यानें प्रथम यामाझाकी येथें दुसऱ्यासाठीं भट्टी उभी केली आणि १९३४ सालीं योइची येथें स्वतःचा उद्योग आरंभिला.

बार्नार्डनें हेझलबर्नचें वैभव राखिलें, ताकेत्सुरूनें तिची विद्या राखिली. पहिल्याचें ऋण आम्ही नाकारीत नाहीं. तथापि बंद कारखान्याचा इतिहास लिहिणारानें ‘किती’ याबरोबर ‘कसें’ हेंही विचारिलें पाहिजे, असें आमचें मत आहे.