वैद्यक-विद्यार्थ्याचा आचार : शपथेचे व्याकरण

वैद्यकाच्या विद्यार्थ्याने कसे वागावे हे सांगणाऱ्या लेखनाची भारतात वाण नाही. 'चरकसंहिते'च्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्योपनयनाचा जो उपदेश आहे, तो ह्या लेखनाचा प्राचीन नमुना होय. आधुनिक काळात भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ साली वृत्ती, नीती आणि संवाद ह्या विषयांची पुस्तिका प्रसिद्ध केली व २०१९ पासून तो भाग पदवी-अभ्यासक्रमात आला. पुढे २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 'महर्षी चरक शपथे'ची शिफारस केली. ह्या सर्वांची चिकित्सा आजवर बहुधा नीतिशास्त्राच्या अंगाने झाली आहे. त्यांत कोण कोणाशी बोलतो, ह्या साध्या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

चरकातील उपदेश ही वस्तुतः शपथ नव्हे. तेथे गुरू द्वितीय पुरुषी विध्यर्थाने बोलतो आणि शिष्य 'तथा' एवढ्या एकाच शब्दाने ते मान्य करतो. 'सुश्रुतसंहिते'त तर गुरूही स्वतःस बांधून घेतो : शिष्य नीट वागत असता आपण त्याच्याशी अन्यथा वागलो, तर आपण पापाचे धनी होऊ व आपली विद्या निष्फळ ठरेल, असे तो म्हणतो. २०२२ च्या पाठात हे सारे प्रथम पुरुषी झाले. 'मी असा वागेन' असे विद्यार्थी एकटाच म्हणतो. सांगणारा गुरू वाक्यातून नाहीसा झाला आणि त्याच्यावरील बंधनाला मुळी जागाच राहिली नाही. ह्या रूपांतराने शिस्तीचे सारे ओझे वयाने व अधिकाराने लहान असलेल्यावर टाकले. उलट जे काळाबरोबर गळावयास हवे होते, ते टिकले. पती वा आप्त जवळ असल्याविना पुरुष-वैद्याने स्त्रीवर उपचार करू नयेत, हे कलम आजच्या रुग्णालयात पाळावयाचे म्हटल्यास एकटी आलेली बाई उपचाराविना परत जाईल.

त्याच वर्षी मदुराईच्या शासकीय वैद्यक महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी संस्कृत शपथ रोमन लिपीतून वाचली. गदारोळ झाला व अधिष्ठात्यांना काही काळ पदावरून दूर व्हावे लागले. वाद रंगला तो चरक की हिप्पोक्रेटिस, असा. ज्या वाक्याचा अर्थ उच्चारणाऱ्यास लागत नाही, त्याने वचन घडते काय, हा ऑस्टिनच्या १९६२ च्या ग्रंथानंतर भाषाभ्यासकांनी तरी विचारावयाचा प्रश्न तसाच राहून गेला.

चरकातील एक नियम फार मोलाचा आहे. रुग्णाच्या घरात शिरताना वैद्याने परिचित माणसासह, नीट वस्त्र पांघरून, मस्तक नमवून जावे. आत गेल्यावर वाणी, मन, बुद्धी व इंद्रिये रुग्णावाचून अन्यत्र नेऊ नयेत. आणि घरातील गोष्ट बाहेर बोलू नये. हा नियम पाहुण्याचा आहे, कारण त्या काळी वैद्य रुग्णाकडे जात असे. आज हे नाते उलटले आहे. मनमाड-औरंगाबाद लोहमार्गावरील लासूर स्टेशन ह्या गंगापूर तालुक्यातील बाजारगावाचे उदाहरण घ्यावे. तेथील माणूस दुखणे मोठे झाले की गाडीने वा बसने 'घाटी'त येतो. घाटी म्हणजे १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यक महाविद्यालयाचे रुग्णालय. (शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले, रुग्णालयाचे बोलीतले नाव घाटीच राहिले.) येथे परक्या घरात शिरणारा रुग्ण असतो आणि यजमान विद्यार्थी. मस्तक नमवण्याचा नियम आता कोणी पाळावयाचा, ह्याचे उत्तर नव्या शपथेत सापडत नाही. प्रत्यक्षात नमतो तो रुग्णच.

ह्या घरातला आचार व्याकरणात दिसतो. अध्यापकांची फेरी खाटेपाशी थांबली की रुग्ण द्वितीय पुरुषातून तृतीय पुरुषात जातो. 'तुम्हाला काय होतंय?' ह्या प्रश्नानंतर लगेच 'ही केस' सुरू होते, तीही इंग्रजीत. समोरच्या माणसास स्वतःच्या नावापलीकडे काही उमगत नाही. संबोधनाचा प्रश्नही दिसतो तितका सोपा नाही. मराठी घरात आजीला 'तू' म्हणतात. म्हणून सर्वत्र 'तुम्ही' म्हणावे एवढे सांगून भागत नाही. 'आजी, तुम्हाला कुठं दुखतं?' ह्यात नाते जवळचे आणि सर्वनाम आदराचे आहे. परक्या तरुणाने हेच म्हणावयास हवे. 'ए म्हातारे' ह्या हाकेने आदर जातो, आणि 'बेड नंबर बारा' म्हटल्याने माणूसच जातो.

शब्दांचेही तसेच. 'जीव घाबरा होतो' ही तक्रार भीतीची नसून छातीतील धडधडीची वा श्वासाच्या कोंडीची असू शकते. बाई 'अंगावर पांढरं जातं' म्हणते तेव्हा तिने मोठ्या संकोचाने सांगितलेली गोष्ट तो न समजलेला विद्यार्थी साऱ्या कक्षास ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा विचारतो. गुप्ततेची शपथ तेथे अज्ञानाने मोडते. हेतू कितीही शुद्ध असो. परप्रांतातून आलेल्या विद्यार्थ्यासाठी २०१९ पासून आरंभवर्गात स्थानिक भाषेची सोय केली गेली, हे योग्यच झाले. पण ती सोय सोयच मानली गेली. आचाराच्या प्रकरणात तिला स्थान मिळाले नाही. शवशरीर हा पहिला गुरू, असे २०१८ ची पुस्तिका शिकविते. ही कल्पना सुंदर आहे, परंतु शव बोलत नाही, आणि विद्यार्थ्याची कसोटी पुढे बोलणाऱ्यापाशी लागते.

पुढच्या खाटेकडे वळण्यापूर्वी, आपसांत काय बोलणे झाले ते रुग्णास त्याच्या भाषेत दोन वाक्यांत सांगावे, असे कलम चरकात नाही आणि २०२२ च्या शपथेतही नाही. ते घालावयाचे झाल्यास सुश्रुताच्या रीतीने गुरूच्या नावे घालावे लागेल, कारण फेरीत पहिला तोच बोलतो.