काटकसरी जनुक : पटते म्हणून खरे?

'आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या दुष्काळ सोसले. जे अन्न साठवू शकले ते तगले. त्यांचीच जनुके आपल्यात आली आणि आता पोटभर मिळू लागल्यावर तीच आपल्याला मधुमेहाकडे नेत आहेत.' मधुमेहावरच्या व्याख्यानांत, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि वर्गातल्या चर्चेतही हे स्पष्टीकरण आपण ऐकलेले असते. ऐकणाऱ्याला ते चटकन पटते. महाराष्ट्रात तर दुष्काळ ही घराघरातली आठवण. १९७२च्या दुष्काळाच्या हकिकती सांगणारी माणसे आजही आपल्यात आहेत.

परंतु पटणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. उत्क्रांती शिकवताना हा फरक फार सहज पुसला जातो. म्हणून या एका गृहीतकाची नीट तपासणी करावी, असा या लेखाचा हेतू आहे.

मूळ प्रश्न

हे गृहीतक जेम्स नील यांचे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते मानवी आनुवंशिकी विभागाचे प्रमुख होते. डॉक्टर आणि आनुवंशिकीतज्ज्ञ अशी दुहेरी तयारी त्यांच्यापाशी होती. १९६२ साली त्यांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यातला प्रश्न खरोखर चांगला होता. मधुमेह घराण्यांतून चालत आलेला दिसतो. इन्शुलिन उपलब्ध होण्यापूर्वी तो माणसाला दुबळे करी, अपत्यसंख्याही घटवी. मग नैसर्गिक निवडीने ही जनुके केव्हाच वगळली का नाहीत? ती इतकी सर्वत्र का आढळतात?

नील यांचे उत्तर असे. काही माणसांच्या शरीरात जेवणानंतर इन्शुलिन चटकन आणि भरपूर स्रवत असावे. त्यामुळे साखर वाया न जाता मेदाच्या रूपाने साठते. कधी सुकाळ, कधी उपासमार अशा काळात ही 'काटकसर' उपयोगी पडली. रोज सुकाळ असला, की तीच घातक ठरते.

या उत्तराची प्रेरणा उघड आहे. दात्रपेशी रक्तक्षयाच्या आनुवंशिकतेवर नील यांनी स्वतः १९४९मध्ये महत्त्वाचे काम केले होते. त्यानंतर १९५४मध्ये अँथनी ॲलिसन यांनी दाखवले, की हे जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच मिळाले, तर मलेरियापासून संरक्षण मिळते. म्हणजे 'वाईट' जनुक टिकून राहते, कारण विशिष्ट परिस्थितीत ते 'चांगले' असते. मधुमेहालाही हीच चौकट लावून पाहावी, असे नील यांना वाटले.

विचार म्हणून यात काहीच चूक नाही. अडचण पुढे आहे. दात्रपेशींच्या बाबतीत नेमके जनुक माहीत आहे, हिमोग्लोबिनमधला नेमका बदल माहीत आहे, मलेरियाचा प्रदेश आणि जनुकाचा प्रदेश एकमेकांशी जुळतात, आणि मुलांच्या जगण्यातला फरक मोजलेला आहे. काटकसरी जनुकाच्या गोष्टीत यांपैकी काय आहे?

दुष्काळात कोण मरते?

पहिला आक्षेप दुष्काळाबद्दलच आहे. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन स्पीकमन यांनी २००७च्या सुमारास तो ठामपणे मांडला. दुष्काळातले बरेचसे मृत्यू थेट उपासमारीने होत नाहीत. ते पटकी, हगवण, हिवताप अशा साथींनी होतात आणि त्यांत लहान मुले व वृद्ध यांचा भरणा असतो. चार किलो मेद अधिक असलेला तरुण वाचला आणि सडपातळ तरुण दगावला, असे चित्र सहसा दिसत नाही. शिवाय शिकार व कंदमुळांवर जगणारे समाज सुकाळातही लठ्ठ होत नाहीत. मग साठवले तरी काय?

दुसरा आक्षेप गणिताचा आहे आणि तो फळ्यावर सोडवून दाखवता येतो. समजा, सुरुवातीला काटकसरी जनुकाचे आणि दुसऱ्या जनुकाचे प्रमाण १ : ९९ आहे आणि दर पिढीला काटकसरी जनुकाला फक्त १ टक्का फायदा मिळतो. म्हणजे हे गुणोत्तर दर पिढीत १.०१ पट होते. ते ९९ : १ होण्यासाठी किती पिढ्या लागतील? गुणोत्तर ९,८०१ पट व्हायला हवे. लॉगॅरिदमचे कोष्टक काढून पाहा, उत्तर सुमारे ९२५ पिढ्या येते. एक पिढी २५ वर्षांची धरली, तर सुमारे २३,००० वर्षे. मानवाच्या पूर्वजांचा इतिहास वीस लाख वर्षांहून जुना आहे. एवढ्या काळात हे जनुक सगळ्यांमध्येच पसरायला हवे होते. प्रत्यक्षात भरपूर खाऊनही सडपातळ राहणारी माणसे आपल्या आसपास आहेत.

येथे बचावाची बाजूही ऐकली पाहिजे. अँड्र्यू प्रेंटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की मोठे दुष्काळ ही शेतीबरोबर आलेली आपत्ती आहे, आणि त्यांचा परिणाम मृत्यूपेक्षा प्रजननावर अधिक होतो. कुपोषित स्त्रीला गर्भधारणा होणे कठीण जाते. आता आपलेच गणित शेतीच्या १०,००० वर्षांपुरते, म्हणजे ४०० पिढ्यांपुरते करा. प्रमाण १ टक्क्यावरून सुमारे ३५ टक्क्यांवर येते. म्हणजे काहींत जनुक आहे, काहींत नाही, अगदी आज दिसते तसे!

या ठिकाणी विद्यार्थ्यांना थांबवावे. एकाच गणिताने, केवळ काळाचा आकडा बदलून, गृहीतक पडतेही आणि उभेही राहते. याचा अर्थ निकाल गणिताने लागणार नाही, पुरावाच शोधावा लागेल.

जनुके काय सांगतात?

तो शोध घेतला गेला आहे. प्रकार २च्या मधुमेहाशी संबंधित शेकडो जनुकीय बदल आता ज्ञात आहेत. त्यांतला एकेक बदल धोका अगदी थोडा वाढवतो. २०१४मध्ये एका गटाने अशा ६५ जागा तपासल्या. धोका वाढवणाऱ्या रूपांची निसर्गाने खास निवड केली, अशी सर्वसाधारण खूण त्यांना मिळाली नाही. २०१६मध्ये सामोआ बेटांवरील लोकांत मात्र एक ठळक बदल सापडला. तो वजन वाढवतो आणि तेथे बराच पसरलेला आहे. काटकसरी जनुक अखेर हाती लागले म्हणावे, तर ज्यांच्यात हा बदल आहे त्यांना मधुमेहाचा धोका उलट कमी असल्याचे आढळले.

नील यांच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. त्यांनी लिहिले तेव्हा रक्तातले इन्शुलिन अचूक मोजण्याची पद्धत नुकतीच, १९६०मध्ये, यॅलो आणि बर्सन यांनी प्रसिद्ध केली होती. मधुमेहाच्या दोन प्रकारांची आजची विभागणी रूढ झालेली नव्हती. १९८२मध्ये नील यांनी स्वतःच मान्य केले, की आपल्या मूळ मांडणीचा आधार बराचसा ढासळला आहे. लेखकाने दुरुस्ती केली, पण त्याची गोष्ट मात्र मूळ रूपातच सांगितली जात राहिली.

गोष्टीची किंमत

चुकीची गोष्ट सांगितली तर बिघडते काय? ॲरिझोनातील पिमा जमातीचे उदाहरण पाहा. मधुमेहाचे अतिशय मोठे प्रमाण असलेला हा समाज काटकसरी जनुकाचा नमुना म्हणून वर्षानुवर्षे दाखवला गेला. त्यांचेच भाईबंद मेक्सिकोच्या डोंगराळ भागात राहतात, शेती करतात, भरपूर कष्टतात. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मेक्सिकोतील पिमांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ६.९ टक्के, तर ॲरिझोनात ३८ टक्के आढळले. ॲरिझोनातील पिमा पूर्वी हिला नदीच्या पाण्यावर उत्तम शेती करीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या बाजूच्या गोऱ्या वसाहतींनी ते पाणी वळवले. शेती उद्ध्वस्त झाली आणि पुढे सरकारी शिध्याचे पीठ, चरबी आणि साखर हे त्यांचे अन्न झाले. 'त्यांची जनुकेच तशी' असे म्हटले, की पाण्याचा हा सगळा इतिहास नजरेआड होतो. जनुकांचा वाटा असेलही. पण ६.९ आणि ३८ यांतला फरक प्रामुख्याने राहणीने घडवला आहे.

दुसरी वाट, पुण्यातून

जनुकांकडून लक्ष गर्भाकडे वळवले ते हेल्स आणि बार्कर यांनी, १९९२मध्ये. इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात आरोग्यसेविकांनी १९११पासून बाळांच्या वजनांच्या नोंदी ठेवल्या होत्या. कमी वजनाच्या बाळांना उतारवयात मधुमेह अधिक झाल्याचे त्यांतून दिसले. गर्भात अन्न कमी पडले, की शरीर त्या टंचाईला जुळवून घेते, असे हे गृहीतक. हे पूर्वजांच्या दुष्काळाऐवजी आईच्या ताटाकडे पाहते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून जवळच्या सहा गावांत याचा पाठपुरावा केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी फार कमी होती, त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने राखलेला होता. दिसायला किडकिडीत, आतून मेदयुक्त! २००४मध्ये याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन यांनी आपला दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के.

अर्थात ही वाटही निष्कंटक नाही. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पडलेल्या उपासमारीत जे गर्भात होते, त्यांची साखर पचवण्याची क्षमता पुढे कमी आढळली. लेनिनग्राडच्या वेढ्यात जे गर्भात होते, त्यांच्यात मात्र तसा फरक दिसला नाही. लेनिनग्राडमध्ये जन्मानंतरही टंचाईच होती, एकाएकी सुकाळ आला नाही, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

तिसरी मांडणीही पुण्याचीच. मिलिंद वाटवे आणि याज्ञिक यांनी २००७मध्ये सुचवले, की इन्शुलिनला दाद न देणे हा शरीराने बळाऐवजी बुद्धीवर जगण्याकडे वळण्याचा एक भाग असावा. ही कल्पना धाडसी आहे. पण आपल्या गावची आहे म्हणून तिला सवलत नको. जो निकष नील यांना, तोच तिला.

हा सगळा वाद अकरावी-बारावीच्या वर्गात दोन तासांत मांडता येतो. दात्रपेशींची गोष्ट आणि काटकसरी जनुकाची गोष्ट फळ्यावर शेजारी शेजारी लिहावी आणि प्रत्येकीसमोर चार रकाने आखावे : जनुक, यंत्रणा, प्रदेश, जगण्यातला मोजलेला फरक. ते विद्यार्थ्यांनीच भरावे. मग एकच प्रश्न विचारावा : काय दिसले असता हे गृहीतक आपण सोडून द्याल? ज्याचे उत्तर देता येत नाही, ते गृहीतक कितीही पटले तरी सध्या गोष्ट म्हणूनच सांगावे. वर्गात कुणाच्या घरी मधुमेह असेल, तर त्या मुलाला पूर्वजांच्या नावाने हताश करण्यापेक्षा ६.९ आणि ३८ हे दोन आकडे आधी सांगावेत.