चतुःसीमा नसलेला दस्तऐवज

आजच्या काळात सर्वांत अधिक लोकांनी मान्य केलेले आणि सर्वांत कमी लोकांनी वाचलेले वाङ्मय कोणते, असे कोणी विचारले, तर फोनवरील ॲपांच्या गोपनीयता धोरणांकडे बोट दाखवावे लागेल. दिवाळी अंकाच्या समीक्षेच्या पानांत या मजकुराला जागा कशासाठी, असे वाचकांच्या मनात येईल. पण तो कोणीतरी कोणाला तरी उद्देशून लिहिलेला आहे, आणि त्याच्याखाली आपण दर आठवड्याला सही करीत असतो. कादंबरीपेक्षा त्याचा अंमल आपल्या आयुष्यावर अधिक चालतो. तेव्हा भाषेच्या जाणकारांनी तो वकिलांवर सोपवून मोकळे होणे बरे नव्हे.

वाक्याचे पृथक्करण शिकवताना आम्ही मास्तर पहिला प्रश्न विचारतो, कर्ता कोण? तो प्रश्न या धोरणांना विचारून पाहावा. ‘आपली माहिती गोळा केली जाऊ शकते’, ‘ती आमच्या भागीदारांना पुरवली जाऊ शकते’, अशा धर्तीची वाक्ये त्यांत पानोपानी आढळतात. कर्मणी प्रयोगाने कर्ता झाकला जातो. ‘शकते’ या क्रियापदाने क्रियाच धूसर होते; माहिती खरोखर जाते की नाही, हे धोरण वाचून संपले तरी कळत नाही. ‘भागीदार’ या शब्दाची तर फारच विटंबना झालेली आहे. नफ्याबरोबर तोट्यातही ज्याचा वाटा तो भागीदार, असा बाजारपेठेचा अर्थ. येथे जाहिरातदार आणि माहितीचे दलाल त्या प्रतिष्ठित नावाखाली वावरतात. तोटा मात्र वाचणाऱ्याच्या एकट्याच्या वाट्याला येतो.

याच्या शेजारी आपले साधे खरेदीखत ठेवून पाहावे. त्याची भाषा रूक्ष असते, लालित्याचा लवलेश नसतो. तरीही ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’ अशी दोन माणसे नावगावासह त्यात समोरासमोर उभी राहतात. मिळकतीचे वर्णन येते. मग तिची चतुःसीमा येते, पूर्वेस कोणाचे शेत, पश्चिमेस कोणता ओढा. मोबदल्याचा आकडा अंकी व अक्षरी येतो. राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने लिहून दिल्याची ग्वाही आणि साक्षीदारांच्या सह्या यांनी शेवट होतो. काय दिले, कोणाला दिले, कशाच्या बदल्यात आणि कोठपर्यंत, या चारही प्रश्नांची उत्तरे मिळतात. गोपनीयता धोरण खतापेक्षा दसपट लांब असते, आणि नेमकी चतुःसीमाच त्यात नसते.

सीमा नसली म्हणजे काय होते, हे २०१३ साली अमेरिकेत दिसले. ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाचे ॲप फोनचा दिवा लावून देई. अंधारात वाट दाखवणे एवढेच त्याचे काम. प्रत्यक्षात ते फोनधारकाचा ठावठिकाणा आणि फोनची ओळख जाहिरातवाल्यांकडे धाडीत होते, असा ठपका तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. मान्य आणि अमान्य अशी दोन बटणे त्यात होती. पण धारकाने त्यांपैकी एक दाबण्यापूर्वीच माहिती रवाना होऊ लागलेली असे. ज्याने दिवा धरला, त्याच्यावरच उजेड पडत होता.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. लोक वाचत नाहीत, हा लोकांचा दोष, असे म्हणतात. २०१० च्या १ एप्रिलला गेमस्टेशन या ब्रिटिश दुकानाने आपल्या अटींत ग्राहकाच्या अमर आत्म्यावर हक्क सांगणारे कलम घातले होते. सुमारे साडेसात हजार ग्राहकांनी आत्मा देऊन टाकला, असे दुकानाने नंतर जाहीर केले. जग ग्राहकांना हसले. पण २००८ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील दोन संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा एका माणसाने भेट दिलेल्या सर्व संकेतस्थळांची धोरणे वाचायची तर वर्षाला सुमारे दोनशे तास लागतील, असे निघाले. जे वाचणे अशक्य, ते न वाचल्याचा दोष वाचकाला देणे ही टीकेची रीत नव्हे. न वाचले जाण्यातच ज्या मजकुराचे यश, त्याच्या लेखकाकडे आधी पाहिले पाहिजे.

‘राजीखुशी’ या शब्दाचीही तीच गत. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवे धोरण आणले, आणि ते स्वीकारा किंवा सेवा सोडा, असा पेच टाकला. घरची माणसे, गिऱ्हाइके, शाळेचे निरोप, सारे ज्यावर येते ते सोडून कोण कोठे जाणार? भारतीय स्पर्धा आयोगाने ही अट अन्याय्य ठरवून २०२४ च्या नोव्हेंबरात मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला.

जुना दस्तऐवज निर्मळ होता, असे मात्र समजू नये. न वाचता येणाऱ्या रोख्यांवर अंगठे उठवून दख्खनचा शेतकरी नागवला गेला. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे लोकांनी सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या, तो उद्रेक पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचे दस्त गावनिबंधकासमोर करण्याची सोय केली. अंगठा आणि मजकूर यांतील अंतर कमी करावे, हा त्यामागचा विचार. आजचे ‘मान्य’ हा तोच अंगठा आहे. फक्त शाई लागत नाही.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा त्या वाटेने एक पाऊल टाकतो. संमतीची विनंती स्वच्छ, सोप्या भाषेत असावी, आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, ती वाचण्याची सोय असावी, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे तो सांगतो. माहिती घेणाऱ्याला त्याने ‘फिड्युशियरी’ म्हणजे विश्वस्त म्हटले आहे. शब्द मोठा आहे. मात्र नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले, आणि संमतीची कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याची योजना ठेवली गेली.

कादंबरीकाराला या साऱ्याची चिंता एका कारणाने अधिक वाटते. पात्र काय बोलते, यापेक्षा ते कोणापाशी काय राखून ठेवते, यावर त्याचा स्वभाव उभा राहतो. राखण्याचा हक्कच न कळत हातचा गेला, तर माणसाचे माणूसपण उणे होते. मराठीत हा मजकूर आता येऊ लागेल, तेव्हा इंग्रजीतील कर्मणी प्रयोग मराठीत ओतून भागणार नाही. प्रत्येक धोरण सातवीच्या मुलाला वाचून दाखवावे, आणि काय दिले, कोणाला दिले, कशाच्या बदल्यात आणि कोठपर्यंत, हे चार प्रश्न विचारावेत. त्याला उत्तरे देता आली नाहीत, तर तो दस्त पुन्हा लिहावा.