कुठं चुकलं ते सांगा

काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात एका अंध मुलाने नाट्यप्रवेश सादर केला. पोरगा तिसऱ्याच वाक्याला अडखळला, पुढची दोन वाक्ये गाळली, आणि तरी त्या संध्याकाळची सर्वांत मोठी टाळी त्यालाच पडली. मीही पाठ थोपटली. पडद्यामागे माझा हात धरून तो म्हणाला, "सर, कुठं चुकलं ते सांगा की." मी म्हणालो, "कुठं नाही रे, झकास झालं!" वीस वर्षांच्या मास्तरकीत इतके उघड खोटे मी दुसरे बोललो नसेन.

अपंग कलावंतांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुतेक याच जातीचे असते. 'धडधाकटांनाही लाजवील' हे त्यातले ठरलेले वाक्य. ते लिहिले की परीक्षण संपते. प्रयोग कसा होता हे सांगायचे राहूनच जाते.

गणेश दिघे यांनी लिहिलेले आणि स्वागत थोरात यांनी दिग्दर्शित केलेले 'अपूर्व मेघदूत' घ्या. यात १९ अंध कलावंत आहेत. कालिदासाचे 'मेघदूत' म्हणजे डोळ्यांची मेजवानी, ती अंधांच्या हाती कशाला, असे कुणाच्याही मनात येईल. पण काव्य पुन्हा उघडून पाहावे. रामगिरीवरचा यक्ष मेघाला जी वाट सांगतो, ती त्याला तरी कुठे दिसत असते? नद्या, उज्जयिनी, अलका, तिथे झुरणारी पत्नी, हे सारे तो आठवणीतून आणि ओढीतून रचतो. महाकालाच्या सायंपूजेला मेघाने गर्जून नगाऱ्याचे काम करावे, ही विनंती कानांसाठी आहे. शिप्रेवरचा कमळगंध घेऊन येणारा वारा नाकासाठी आहे. अंध नटांनी हे काव्य बोलू लागणे म्हणजे त्यात दडलेला एक अर्थ वर येणे होय. या निवडीला मी मोठी दाद देतो. आणि एकदा ती दिली, की शब्दफेक कशी होती, लय कुठे सैल पडली, नृत्याने कथा पुढे नेली की अडवली, हे नेहमीचे प्रश्न विचारायला आपण मोकळे होतो.

हे प्रश्न विचारणारा प्रेक्षक कुठे भेटेल? मला वाटते, उघड्या मैदानात. लंडनमध्ये २००३ साली ट्रॅफल्गार चौकात 'लिबर्टी' नावाचा उत्सव सुरू झाला. तो उघड्यावरचा, विनामूल्य आणि कर्णबधिर व अपंग कलावंतांच्या पुढाकाराचा. नाट्यगृहात तिकीट काढून बसलेला मनुष्य सौजन्याने शेवटपर्यंत बसतो. चौकातल्या माणसाला आवडले नाही तर तो चालू लागतो. तो थांबला, तर कलेसाठीच थांबला.

कोल्हापूरला हे नवे वाटू नये. बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला, तेव्हा चित्रपट मुका होता. ऐकू न येणारा प्रेक्षक शेजाऱ्याच्या बरोबरीने तो पाहू शकत होता. १९३२ साली याच गावात 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' बोलू लागला. आपण आनंदलो, पण त्या प्रेक्षकाची जागा गेली, याची खंत कुणाला वाटली?

आणि आपल्याकडे खासबाग आहे. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या या मैदानात मध्ये आखाडा आणि भोवती उतरती बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही डाव दिसावा. इथे दयेची टाळी नाही. डाव बसला तर फेटे उडतात, फसला तर गप्प. असा जाणता प्रेक्षक 'लिबर्टी'सारख्या उत्सवाला आणखी कुठे मिळणार? मात्र आधी चाकाच्या खुर्चीला आत येण्याची वाट, खुणांच्या भाषेतला दुभाषी आणि उत्सव आखण्याचा अधिकार ज्याचा त्याच्या हाती, एवढे द्यावे लागेल. 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या नसीमा हुरजूक याच गावच्या. तेव्हा ही मागणी आपल्या कानांवर पहिल्यांदा पडते आहे, असे तरी म्हणता येणार नाही.

तो मुलगा आता मोठा झाला असेल. कधी भेटला तर सांगेन, "तिसऱ्या वाक्याला तू घाई केलीस, बाळ. श्वास आधी घ्यायला हवा होता." आठ-दहा वर्षे उशीर झाला खरा, पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे अजून बाकी आहे.