रंगवलेला उजेड : संगणकावरच्या कार्टूनचा पोत

पोत हा आपल्याकडे मुळात कापडाचा शब्द. खादीचा पोत, पैठणीचा पोत. चिमटीत धरून पारखायची गोष्ट. चित्रकलेच्या समीक्षेने तो उचलला, आणि संगणकावर कार्टून करणारी मुलं ज्याला टेक्श्चर म्हणतात, त्यालाही मी आज पोतच म्हणणार आहे. अडचण एवढीच, की या पोताला बोट लावता येत नाही. तो नुसता डोळ्यांनी चाचपायचा.

आधी कृती समजून घेऊ, म्हणजे पुढची टीका हवेत राहणार नाही. पेणला गणपतीच्या कारखान्यात गेला असाल, तर रंग लागण्याआधीची मूर्ती तुम्ही पाहिली असेल. पांढरीफटक. सोंड आहे, पोट आहे, पितांबराच्या निऱ्या आहेत, पण सगळं एकाच रंगाचं. संगणकातलं त्रिमितीय पात्र सुरुवातीला असंच असतं, बहुधा करडं. फरक असा, की पेणचा कारागीर थेट मूर्तीवर ब्रश चालवतो. संगणकावर मात्र आधी पात्राची कातडी उलगडून सपाट करावी लागते. शिंपी ब्लाऊज शिवतो त्याच्या उलट काम: शिवलेला ब्लाऊज उसवायचा, तुकडे टेबलावर पसरायचे, तुकड्यांवर रंगकाम करायचं आणि पुन्हा अंगावर चढवायचे. शिवण कुठे येणार ते आधी ठरवायचं. ती चेहऱ्याच्या मधोमध आली की संपलं. हल्ली सरळ आकारावर रंगवायचीही सोय आहे म्हणा, पण आत असतो तो उसवलेला ब्लाऊजच.

आता मुद्द्यावर येतो. पेणचा कारागीर निऱ्यांच्या खाचेत गडद रंग मारतो. वास्तविक तिथे खाच आहेच, सावली आपोआप पडणार आहे. तरी तो मारतो. का? कारण मंडपात चारी बाजूंनी दिवे लागले की ती खरी सावली पुसली जाते. म्हणून मंडपातल्या दिव्यांवर भिस्त न ठेवता तो आपल्याला हवा तो उजेड-अंधार मूर्तीवरच रंगवून ठेवतो. हाताने रंगवलेला पोत म्हणजे नेमकं हेच.

याच्या विरुद्ध पद्धत बघा. आपल्या भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. तिथली एक वाटी संगणकावर करायची आहे. आजची रूढ पद्धत सांगते, वाटीचे गुणधर्म नोंदवा: मूळ रंग कोणता, धातू आहे की नाही, पृष्ठभाग किती गुळगुळीत. मग दिवा कुठे आहे ते सांगा. चकाकी कुठे पडेल हे यंत्र गणिताने काढेल, आणि दिवा हलवला की चकाकीही हलेल. हाताने रंगवणारा हे काही करत नाही. तो पांढऱ्या रंगाचा एक फटकारा वाटीच्या काठावर मारतो आणि मोकळा होतो. दिवा हलला तरी फटकारा जागच्या जागी.

भौतिकशास्त्राच्या हिशेबाने हे चूक आहे. प्लेटोला तर यात गुन्हाच दिसला असता. 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात त्याची तक्रार आहे, की चित्रकार पलंग दाखवतो तो एका बाजूने दिसतो तेवढाच. आणि छाया रंगवून डोळ्यांना भुलवणाऱ्या चित्रणावर तर त्याचा विशेष राग. गंमत बघा, संगणकातल्या पलंगाभोवती चारी बाजूंनी फिरता येतं, म्हणजे पहिला आरोप निकालात निघाला. दुसरा उरतो. फिरणाऱ्याला सगळ्या बाजू दिसतात, पण उजेड मात्र रंगवणाऱ्याने ठेवला तिथेच राहतो. मी याला फसवणूक म्हणत नाही, विधान म्हणतो. रंगवणारा सांगतो, इथे बघ. कार्टून पात्राचं डोकं आणि खांदे उजळ रंगवून पायांकडे रंग गडद करत नेण्याची रीत आहे, ती कुठल्याही सूर्याची नक्कल नव्हे. चेहरा आधी दिसावा, बुटांकडे लक्ष जाऊ नये, एवढाच तिचा अर्थ.

आपल्याकडे विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात छायांकनाला वर्तना असा शब्द आहे. तिचे प्रकार तीन: पत्रज, ऐरिक आणि बिंदुज. पत्रज म्हणजे पानाच्या शिरांसारख्या रेघांनी केलेली, बिंदुज म्हणजे ठिपक्यांची. ही नावं दिव्यावरून पडलेली नाहीत, हाताच्या हालचालीवरून पडलेली आहेत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. छाया ही वस्तूवर घडणारी घटना नसून चित्रकाराने केलेली क्रिया आहे, अशी समजूत त्या नावांतच बसलेली दिसते.

आता इतिहास थोडक्यात. ही शैली आधी गरजेपोटी आली. 2004 साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ आला तेव्हा घरातल्या संगणकांना इतका उजेड क्षणोक्षणी मोजणं झेपणारं नव्हतं. त्या काळी एखाद्या भिंतीच्या वाट्याला 256 गुणिले 256, म्हणजे 65,536 ठिपक्यांचं चित्र यायचं. तेवढ्यात दगड, फटी, शेवाळ, सावली सगळं बसवायचं. म्हणून रंगवणारे लागले. 2021 मध्ये पॅरिसच्या फोर्टिश स्टुडिओने 'आर्केन' ही मालिका केली, तेव्हा अशी कुठलीही अडचण नव्हती. यंत्र सगळं मोजू शकत होतं. तरी त्यांनी पात्रांच्या गालांवर, कपाळांवर ब्रशचे फटकारे राहू दिले. गरज संपली आणि निवड सुरू झाली. समीक्षकाचं काम इथून पुढचं, कारण गरजेला आपण जाब विचारत नाही, निवडीला विचारतो.

मी विचारतो तो प्रश्न साधा आहे. फटकारा आकाराला धरून गेलाय का? गालाच्या गोलाईवर ब्रश वळलाय का, लाकडावर तो रेषेच्या दिशेने ओढलाय का? आज 'हँडपेंटेड लूक' म्हणून जे खपवलं जातं त्यात बऱ्याचदा मडकं, गाल आणि आभाळ या तिन्हींवर एकाच जातीचे ब्रशचे ठसे सारखे पसरलेले असतात. हे रंगवणं नव्हे, हा वॉलपेपर. हात दिसतो, पण हाताने काही ठरवलेलं दिसत नाही.

याच कसोटीवर आपल्या मुंबईतलं एक काम बघू. यात त्रिमितीय मूर्ती नाही, पण प्रश्न तोच आहे. जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकलेल्या गीतांजली राव यांचा 'बॉम्बे रोझ' 2019 साली व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहात उद्घाटनाचा चित्रपट होता. त्याआधी त्यांचा 'प्रिंटेड रेनबो' हा लघुपट 2006 मध्ये कानला गाजला होता. 'बॉम्बे रोझ' संगणकावरच, पण चौकटीमागून चौकट हाताने रंगवलेला आहे. म्हणजे इथे पोत एकदा रंगवून पात्राला नेसवलेला नाही, तो सतत नव्याने रंगवलाय. फुलं विकणारी कमला स्वप्नात जाते तेव्हा पडदा मुघल लघुचित्रासारखा होतो. लघुचित्रात पडछाया नसते, उजेड सगळीकडे समान. मुंबईच्या रस्त्यावर मात्र दिव्यांचे डाग आहेत, काळोखाचे कोपरे आहेत. दोन जगांतला फरक संवाद सांगत नाहीत, उजेड सांगतो. निवृत्त नटी मिसेस डिसोझा रस्त्याने चालते आणि भोवतालचं शहर जुनं, कृष्णधवल होत जातं, तिथेही तसंच. याला मी पूर्ण गुण देतो.

उणं कुठे? चालणारी माणसं. भिंती जितक्या बोलतात तितके पाय बोलत नाहीत. हालचाल संथ आणि काहीशी ताठ वाटते. शिवाय बालमजुरी, काश्मीर, धर्म, सिनेमाचं वेड असं इतकं एकत्र आलंय, की कथानकाची दमछाक होते. एवढ्या रंगाला कमी गोष्ट पुरली असती.

हे सगळं मी मीरा-भाईंदरमध्ये का सांगतोय? अ‍ॅनिमेशनच्या क्लासला जाणारी मुलं इथल्या घराघरांत आहेत, आज समोरही बसलीत. त्यांना सॉफ्टवेअर शिकवतात; चित्र काढणं वैकल्पिक समजलं जातं. आता तर वाक्य टाइप केलं की यंत्र ब्रशच्या फटकाऱ्यांसकट पोत काढून देतं. ते देखणंही असतं. त्याला विचारा, चकाकी इथेच का ठेवलीस? उत्तर नाही, कारण ठेवणारं कोणी नव्हतंच. पेणमध्ये मूर्तीच्या डोळ्यांची आखणी अजून सगळ्यांत कसलेल्या हाताकडे देतात. गनने अंग रंगवणारे पुष्कळ मिळतात. तेव्हा क्लासची फी भरण्याआधी पालकांनी एवढं जरूर विचारावं, की पेन्सिल घेऊन एक वाटी, एका दिव्याखाली, समोर ठेवून काढायला तुम्ही मुलांना किती तास बसवता?

बरं, माझी वेळ संपलीय. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे. विचारा.